हुद्दा खाली

आमगाळीच्या उपकेंद्राच्या दाराला कागद चिकटवलाय,
कन्नडमधल्या दोन ओळी आणि गोल शिक्का.
रवळूअण्णानं काठी भिंतीला टेकवली,
"काय म्हणतोय गे कागद?"
मी वाचलं, "हुद्दे खाली इदे."
त्यानं वाकून पायऱ्यांकडं बघितलं.
"खाली कुठं? खाली तर कोण नाही."

मला हसू आलं. मग आलं नाही.

मी आशा, जांबोटीकडच्या नऊ वाड्यांची.
साठीच्या वरचे तीनशे बारा. मीच मोजलेत,
दोनदा, कारण पहिल्या मोजणीनंतर अकरा गेले
आणि चौदा जण साठीत आले.
त्यांतल्या दोघांना ते पटलेलं नाही अजून.

मंजूर नर्स दोन.
एक जागा मी लग्न होऊन आले तेव्हापासून तशीच.
दुसरीवर महादेवी सिस्टर, गदगकडची,
मराठीतले चारच शब्द यायचे तिला:
कुठं, दुखतंय, जेवला, उद्या.
एवढ्यावर तिनं सहा वर्षं काढली.
स्कूटी ओढ्याच्या अलीकडं, चप्पल हातात,
पिशवीत गॉज, साखरेच्या पट्ट्या
आणि कुणाकुणाच्या चष्म्याचे स्क्रू.
तुळसाक्काच्या पायाची जखम धुताना
तुळसाक्का अर्धा तास सुनेचं सगळं सांगायची,
सिस्टर मान हलवायची,
बाहेर आल्यावर मला विचारायची, "एन अंदरु?"
मी म्हणायची, पाय बरा आहे म्हणतात.

मे महिन्यात तिची बदली झाली, अथणीला.
तिकडंही एकच होती म्हणे, सोळा गावांना.
म्हणजे इकडचं भोक तिकडं नेऊन लावलं.
तिच्यावर राग धरायला जागाच नाही.

तरी गुरुवार येतो, आणि गुरुवारी लोक येतात.
लेक गोव्यात, लेक उद्यमबागच्या फौंड्रीत,
नातू पुण्यात कुठल्याशा हॉटेलात,
आणि हे उपकेंद्राच्या कट्ट्यावर, आपापली गोळ्यांची पाकिटं
कानाशी हलवत, किती उरल्या ते ऐकत.
बी.पी.चं यंत्र कपाटात आहे.
किल्ली माझ्याकडं आहे.
ते हातात घ्यायची परवानगी कुणाची,
हे मला आलेल्या कुठल्याच कागदात नाही.

मागच्या गुरुवारी उन्ह चढेपर्यंत कोणी उठलं नाही.
तेव्हा सातेरव्वा, एक्क्याऐंशी वर्षांची, जुनी सुईण,
शेवटच्या पायरीवर बसली
आणि म्हणाली, "ये गा रवळू, हात आण हिकडं."
तिनं मनगट धरलं. डोळे मिटले.
काय मोजलं तिला ठाऊक; तिला शंभराच्या पुढं येत नाही.
"तू जन्मलास तेव्हापण असंच अडखळत होतं,"
एवढंच बोलली, आणि पुढचा हात मागितला.
तुळसाक्का रांगेत उभी राहिली. भरमाण्णाही,
जो तिच्याशी वाटणीच्या बांधावरनं
सतरा वर्षं बोलत नव्हता.
बोलला नाहीच. हात तेवढा पुढं केला.

मी हे चांगलं म्हणत नाही.
तुळसाक्काची जखम मनगट धरून भरत नसते.
तिच्या पायाला वास येऊ लागलाय
आणि खानापूरची बस दिवसातनं दोनदा.

काल तालुक्याहून तक्ता आला.
वृद्ध किती, सेवक किती, भेटी किती,
तळाला ठळक अक्षरांत: "खाली बिडबारदु."
रकाना रिकामा सोडू नये.
सोडला नाही मी. लिहिलं:
सातेरव्वा नागू घाडी, वय ८१, पगार नाही,
बसण्याची जागा, खालची पायरी.

संध्याकाळी फोन आला. साहेबांनी विचारलं,
ही कोण? हिचं शिक्षण काय?
मी म्हटलं, तुम्ही या सर एकदा, गुरुवारी.
पलीकडं कागद उलटल्याचा आवाज झाला.
मग ते म्हणाले, "उद्या बघतो."

चारातला तो एक शब्द
त्यांनाही येत होता.